ऐकून घेणारा मालक

कापडाच्या धंद्यात बोलणाऱ्याचा माल खपतो, असे आपण समजतो. गिऱ्हाईक दुकानात आले की आपण सुरू होतो. जिंतूरच्या बाजारात तीस वर्षे गल्ल्यावर बसून मला मात्र उलटा अनुभव आला. माझे सर्वांत मोठे नुकसान न ऐकल्यामुळे झाले.

एका लग्नसराईच्या तोंडावर मी गडद लाल कापडाचे गठ्ठे घेतले. भाव स्वस्त होता. दुकानातील नोकर मुलाने एक तुकडा ओला करून आणला व म्हणाला, "चाचा, याचा रंग जातो." मी हिशेबात होतो. मान वर न करता म्हणालो, "तू ठाण उचल." त्याने ठाण उचलले आणि पुन्हा काही सांगितले नाही. पंधरा दिवसांत कपडे परत येऊ लागले. एका शिंप्याने शिलाईचे पैसेही मागितले, आणि ते रास्तच होते. पैशाचे नुकसान दोन हंगामांत भरून निघाले. त्या मुलाने पुन्हा मोकळेपणी बोलावे, यासाठी मात्र वर्ष गेले.

दुकानाचे जे, तेच गावाचे. भिवंडी हे यंत्रमागांचे मोठे शहर. तेथे १९७० व १९८४ साली भीषण दंगली झाल्या. माणसे गेली, माग जळाले. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. त्यांत हिंदू व मुस्लिम दोन्ही समाजांतील साधी माणसे पोलिसांसमवेत बसू लागली. आपापल्या गल्लीतील तक्रारी, अफवा, भांडणे तेथेच बोलून दाखवू लागली. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा जवळची भिवंडी शांत राहिली. लोकांचे आधीच ऐकून घेतलेले होते, हे त्याचे एक मोठे कारण.

आपल्या दीनमध्ये ही शिकवण जुनीच आहे. प्रेषित मुहम्मद (स.) मक्केत कुरैशच्या सरदारांशी बोलत होते. तेवढ्यात अंध सहाबी हजरत इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) काही विचारावयास आले. त्यांच्याकडे त्या क्षणी लक्ष दिले गेले नाही, म्हणून कुरआनातील ८० वी सूरह, सूरह अबस, अवतरली. पुढे प्रेषितांनी (स.) त्यांचा नेहमी मान राखला आणि मदीनेबाहेर जाताना एकाहून अधिक वेळा शहराचा कारभार त्यांच्याकडे सोपविला. आपणही ठोक गिऱ्हाईकाशी बोलताना दारात उभ्या असलेल्या गरीब माणसाकडे पाठ फिरवतो. त्या वेळी ही सूरह आठवावी.

व्यापारी बंधूंनी तीन गोष्टी करून पाहाव्यात. माल घेण्यापूर्वी तो हाताळणाऱ्या नोकराला व कारागिराला विचारावे. उधारी थकलेला माणूस आला तर आधी त्याचे पूर्ण ऐकावे, मग वही उघडावी. आणि रात्री घरी गेल्यावर मुलगा किंवा मुलगी काही सांगत असेल तर दिवसाचा हिशेब थोडा वेळ बाजूला ठेवावा. दुकानात न ऐकल्याने गठ्ठा बुडतो, घरात न ऐकल्याने माणूस दुरावतो. गठ्ठा पुन्हा घेता येतो.