पहिल्या नोकरीची पूर्वतयारी

डोंबिवलीचा तरुण इथल्या एमआयडीसीत रुजू होवो वा लोकलने ठाणे-मुंबई गाठो, कामाचे ज्ञान त्याच्याजवळ असते. चार माणसांत बोलण्या-वागण्याचा सराव कमी पडतो. तो करता येतो.

■ मूळ कौशल्ये : जागतिक आरोग्य संघटनेच्या १० जीवनकौशल्यांत परिणामकारक संवाद, परस्परसंबंध, समानुभूती आणि ताणाचे नियोजन यांचा समावेश आहे.

■ आयटीआय : ट्रेडबरोबर ‘एम्प्लॉयबिलिटी स्किल्स’ हा विषयही असतो. संवाद आणि मुलाखतीची तयारी त्यातच होते. हा तास बुडवू नका.

■ अनुभव : राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४मध्ये सुरू झाली. वयोमर्यादा १८ ते ३५. सुरुवातीचे मासिक विद्यावेतन बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय-पदविकाधारकांना ८,०००, पदवीधरांना १०,००० रुपये.

■ पहिला महिना : सूचना लिहून घ्या आणि समजलेले परत सांगून खात्री करा. अडचण मुदत संपण्याआधी कळवा. शिपाई आणि सुरक्षारक्षकांनाही नावाने ओळखा. जेवणाच्या सुट्टीत मोबाइल बाजूला ठेवून सहकाऱ्यांसोबत बसा.

■ मर्यादा : मिळूनमिसळून वागणे म्हणजे सगळे सोसणे नव्हे. लैंगिक छळविरोधी कायदा (२०१३) प्रशिक्षणार्थी महिलांनाही लागू आहे. १० वा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार साधारणपणे ३ महिन्यांत करावी.

ज्येष्ठांनो, नव्या मुलाची पहिली चूक चारचौघांत काढू नका. बाजूला घेऊन समजावून सांगा.