चांगल्या वायफायची सुरुवात वायरीपासून

नव्या घराचं काम निघालं की वायरमन खोलीखोलीत फिरून विचारतो : दिवे कुठे, पंखा कुठे, गिझर, एसी, टीव्हीचा पॉइंट कुठे? इंटरनेटचा विषय मात्र 'आता सगळं वायरलेसच आहे' एवढ्यावर मिटतो. प्लास्टर होतं, रंग होतो, माणसं राहायला येतात, फायबरचं कनेक्शन लागतं. मग कळतं की राउटर हॉलच्या दाराशी आहे आणि अभ्यासाची खोली तीन भिंतींपलीकडे. तिथे ऑनलाइन क्लास अडकतो, मीटिंगमध्ये आवाज तुटतो. पुढची काही वर्षं राउटर बदलण्यात, प्लॅन वाढवण्यात आणि रिपीटर लावून बघण्यात जातात. या खर्चांच्या मुळाशी काही घट्ट बसलेले गैरसमज आहेत. ते भिंती उघड्या असतानाच दूर झाले, तर दोन-चार पाइप आणि एका केबलच्या पेटीत काम भागतं.

'प्लॅन मोठा घेतला की घरभर नेट पळेल'

प्लॅनचा वेग हा तुमच्या घरातल्या फायबरच्या डबीपर्यंतचा वेग असतो. तिथून आतल्या खोलीपर्यंत काय पोहोचतं, याच्याशी कंपनीच्या प्लॅनचा संबंध नाही. खात्री करायची सोपी पद्धत आहे. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडा आणि वेग मोजा. मग तोच लॅपटॉप अडचणीच्या खोलीत नेऊन वायफायवर मोजा. पहिला आकडा प्लॅनच्या जवळपास आणि दुसरा त्याच्या दहाव्या हिश्शाइतका आला, तर प्लॅन दुप्पट करूनही त्या खोलीत फरक पडणार नाही. मोजताना एक लक्षात ठेवावं : प्लॅनमधला १०० हा आकडा मेगाबिटचा असतो आणि फाइल डाउनलोड होताना संगणक बहुधा मेगाबाइट दाखवतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० च्या प्लॅनवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइट दिसले तर कुणी फसवलेलं नाही.

'जास्त अँटेना, जास्त रेंज'

राउटरच्या खोक्यावर 'एएक्स३०००' असं छापलेलं असतं आणि ग्राहकाला वाटतं की ३००० मेगाबिट मिळणार. हा आकडा बेरजेचा आहे : २.४ गिगाहर्ट्झ बँडवरचे कमाल ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे कमाल २४०२, मिळून सुमारे ३०००. फोन एका वेळी यातला एकच बँड वापरतो. शिवाय साधारण फोन ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर जोडला जातो, तेव्हा त्याचा जोडणीचा कमाल वेग १२०१ मेगाबिट असतो. प्रत्यक्ष डेटा त्याहूनही बराच कमी वाहतो, कारण वायफायवर सगळ्या उपकरणांना एकाच हवेत आळीपाळीने बोलावं लागतं.

रेंजचंही तसंच आहे. राउटर किती ताकदीने प्रक्षेपण करू शकतो याला कायद्याची मर्यादा आहे. अँटेना चार असोत वा आठ, ती ओलांडता येत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे संभाषण दोन्ही बाजूंनी चालतं. राउटरचं फोनला ऐकू आलं तरी फोनचं राउटरला ऐकू जायला हवं, आणि बॅटरीवर चालणाऱ्या फोनची ताकद राउटरपेक्षा कमी असते. फोनवर वायफायच्या रेघा भरलेल्या आणि पान मात्र उघडत नाही, हा अनुभव कित्येकदा यातूनच येतो.

खरा अडथळा भिंतींचा आहे, आणि आपल्याकडची बांधकामं वायफायला कठीण आहेत. लाकडी चौकटीवर जिप्समचे पातळ बोर्ड ठोकलेल्या परदेशी घरांसाठी खोक्यावर जे चौरस फूट छापलेले असतात, ते इथे लागू होत नाहीत. साडेचार इंची विटेच्या एका भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल बऱ्यापैकी जातो. नऊ इंची भिंतीत तो चांगलाच दमतो. कोकणातल्या जांभ्या चिऱ्याच्या जाड भिंती आणखी अवघड. पावसाळ्यात त्या ओल धरतात आणि पाणी रेडिओलहरी शोषून घेतं. स्लॅबमध्ये तर काँक्रीटबरोबर सळयांची जाळीही असते. मुंबई-पुण्याच्या नव्या टॉवरांत 'मिवान' पद्धतीने, म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे लावून, भिंती आणि स्लॅब एकदम ओततात. तिथे दोन बेडरूममधली आतली भिंतसुद्धा सळईच्या काँक्रीटची असते. अशा फ्लॅटमध्ये शेजारच्याच खोलीत नेट रडत असेल, तर नवल वाटायला नको.

यात भर घालतात लोखंडी कपाटं, भिंतभर आरसे आणि बाथरूम, कारण तिथे टाइल्स, नळाचे पाइप आणि पाणी सगळं एकत्र येतं. तिरकेपणाही महागात पडतो. सिग्नल भिंतीला सरळ छेदून गेला तर नऊ इंच पार करतो. खूप तिरपा गेला तर तीच भिंत त्याला दीड-दोन फुटांची पडते. म्हणून घराचा नकाशा समोर घ्यावा, जिथे माणसं बसतात, झोपतात, काम करतात त्या जागांवर खुणा कराव्यात आणि प्रत्येक खुणेपासून राउटरपर्यंत रेघ ओढून मधल्या भिंती मोजाव्यात. विटेच्या एका भिंतीपर्यंत ठीक. दोन भिंती किंवा एक काँक्रीटची भिंत आली, की त्या बाजूला वेगळा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे तिथे वायफाय वाटणारं आणखी एक उपकरण, लागणार, असं धरून चालावं.

'वायफाय सहा किंवा सात घेतलं की हा प्रश्न सुटेल' असं दुकानातही सांगतात. नव्या पिढीत एकाच वेळी अनेक उपकरणं सांभाळायची क्षमता वाढली आहे आणि ती उपयोगाची आहे. पण वारंवारता तीच असेल तर भिंतही तितकीच अडवते.

'रिपीटर लावला की झालं'

जिथे नेट मिळत नाही तिथेच रिपीटर लावला जातो, आणि तिथे त्याच्याकडेही पुढे पाठवण्याजोगं काही आलेलं नसतं. त्याची जागा मध्यावर हवी, जिथे मूळ सिग्नल अजून धड आहे. तरीही एक अडचण उरते. साधा रिपीटर एकाच रेडिओवर आधी ऐकतो आणि मग तेच पुन्हा बोलतो. प्रत्येक गोष्ट हवेत दोनदा सांगितली जाते, त्यामुळे मिळणारा वेग साधारण निम्म्यावर येतो.

मेश संचाबद्दलही असाच समज आहे की ते डबे आपापसांत सगळं जमवून घेतात. ते खरोखर सोयीचे असतात, पण दोन डब्यांमधला दुवा वायरलेस असेल तर मधल्या भिंतींपासून त्यांचीही सुटका नाही. तेच डबे केबलने जोडले की चित्र पालटतं, आणि बहुतेक मेश संचांना तशी सोय असते. ॲक्सेस पॉइंट म्हणजे तरी दुसरं काय? राउटरकडून केबलने आलेलं नेट त्या खोलीत वायफायवर वाटणारं उपकरण. भिंती वायरीने ओलांडायच्या आणि हवेला फक्त खोलीपुरतं काम द्यायचं, हा सगळ्या आखणीचा पाया आहे.

त्याच न्यायाने जी वस्तू जागेवरून हलत नाही ती वायरीवरच असावी : टीव्ही, डेस्कटॉप, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. हवेतली एकेक वस्तू कमी झाली की उरलेल्या फोनना तेवढा अधिक वेळ मिळतो. घरात वायर कोण वापरतं आता, असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगतो की वायरीवर गेलेला टीव्ही तुमच्या फोनचं वायफाय सुधारतो.

'प्रत्येक ॲक्सेस पॉइंटला वेगळं नाव हवं'

'हॉल', 'बेडरूम', 'वरचा मजला' अशी नावं दिली की खोली बदलल्यावर हाताने नेटवर्क बदलत बसावं लागतं. नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार सगळीकडे एकच ठेवावा. कोणत्या ॲक्सेस पॉइंटला चिकटायचं हे फोनच ठरवतो; यंत्रणा त्याला सुचवू शकते, पण निर्णय त्याचा. म्हणून ॲक्सेस पॉइंटची ताकद कमालीवर ठेवण्याचा मोह टाळावा. हॉलमधला पॉइंट फार जोराने बोलत राहिला, तर बेडरूममध्ये गेलेला फोन त्यालाच धरून बसतो. मध्यम ताकद ठेवली की तो वेळेवर जवळच्याकडे वळतो. एकमेकांना ऐकू जाणाऱ्या पॉइंटांचे चॅनेल मात्र वेगळे हवेत. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११.

जुना राउटर पडून असेल तर तोही ॲक्सेस पॉइंट म्हणून चालतो. मेनूमध्ये 'एपी मोड' असला तर तो निवडावा. नसला तर त्याचा आयपी पत्ता मुख्य राउटरच्याच मालिकेतला पण वेगळा द्यावा, डीएचसीपी बंद करावं आणि केबल वॅन पोर्टऐवजी लॅन पोर्टमध्ये लावावी. डीएचसीपी बंद करायचं राहिलं, तर दोन राउटर पत्ते वाटू लागतात आणि कधी याचं, कधी त्याचं नेट बंद पडतं. हा दोष शोधायला फार वेळ जातो.

'केबल जितक्या वरच्या आकड्याची, तितकी चांगली'

कॅट-सेव्हन, कॅट-एट ही नावं ऐकून लोक घरासाठीही तीच मागतात. कॅट-एट ही डेटा सेंटरमधल्या ३० मीटरच्या आतल्या जोडण्यांसाठी आहे. घरात कॅट-सिक्स पुरेशी आहे : १ गिगाबिट १०० मीटरपर्यंत, आणि कमी अंतरावर, साधारण ५५ मीटरपर्यंत, १० गिगाबिटसुद्धा. एखाद्या जुन्या बंगल्यात कॅट-फाइव्ह-ई आधीच टाकलेली असेल तर ती उपटू नये. ती १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट निभावते, आणि केबल धड असेल तर अडीच गिगाबिटही.

आकड्यापेक्षा तांब्याकडे बघायला हवं. बाजारात स्वस्त पेट्यांमध्ये 'सीसीए' केबल मिळते, म्हणजे ॲल्युमिनियमची तार आणि वर तांब्याचा मुलामा. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. वायरमनने पेटी आणली की एक वितभर तुकडा कापून घ्या, आतली एक तार सोलून तिच्यावर ब्लेड घासा. तांबं असेल तर घासलेली जागा आतपर्यंत लालसर राहते. मुलामा असेल तर पांढरी-चंदेरी चमक दिसते. सीसीएची पेटी उचलायलाही हलकी लागते. तिची तार चार-दोन वेळा वाकवली की तुटते, विजेला तिचा रोध जास्त, आणि केबलमधूनच वीज द्यायची असेल तर ती तापते. कॅट-सिक्सच्या मानकात ती बसत नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो. भिंतीत कायमची गाडायची वस्तू आहे, इथे काटकसर करू नये.

केबल चांगली आणि टोकं वाईट, हाही नेहमीचा प्रकार. केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात, आणि प्रत्येक जोडीला पीळ असतो. बाहेरून येणारा विजेचा गोंगाट त्या पिळामुळेच निष्प्रभ होतो. जॅक बसवताना अर्ध्या इंचापेक्षा जास्त पीळ उलगडू नये. १०० मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. म्हणून एखादी तार नीट बसली नाही तरी नेट चालूच राहतं, पण गुपचूप १०० वर उतरतं. मोठा प्लॅन असूनही केबलवर वेग ९४-९५ च्या पुढे जात नसेल, तर आधी जॅक उघडून बघावा.

'नेटची वायर लाइटच्याच पाइपातून जाऊ दे'

हे होऊ देऊ नका. २३० व्होल्टच्या तारेचं आवरण कधी खराब झालं, तर तीच वीज टीव्हीच्या आणि लॅपटॉपच्या पोर्टपर्यंत येऊ शकते. पाइप वेगळा, शक्यतो काही इंच अंतर राखून. ओलांडावाच लागला तर काटकोनात. व्यास २५ मिलिमीटरचा असावा, वळणावर काटकोनी एल्बोऐवजी लांब बेंड असावेत आणि प्रत्येक पाइपात नायलॉनची दोरी ओवून ठेवावी, म्हणजे पुढे केबल बदलता येईल. मिवानच्या इमारतीत काँक्रीट ओतल्यावर भिंत कोरायला परवानगी नसते. तिथे बुकिंग लवकर झालं असेल तर बिल्डरकडे पाइपांचा आराखडा आधीच मागावा, किंवा मग फॉल्स सीलिंगच्या आतून वाट काढावी.

सगळे पाइप एका ठिकाणी यावेत. फायबर जिथे आत येतो ती जागा, माळ्याखालचा किंवा पॅसेजमधला एखादा कप्पा बरा पडतो. तिथे फायबरची डबी, राउटर आणि सगळ्या केबल जिथे जोडायच्या तो नेटवर्क स्विच बसेल. कप्पा लोखंडी असेल तर राउटरचं वायफाय त्यातच अडकेल, हे ध्यानात घ्यावं. मग तिथलं वायफाय बंद ठेवून ते काम बाहेरच्या ॲक्सेस पॉइंटांना द्यावं. टीव्हीमागे आणि कामाच्या टेबलाशी दोन-दोन केबल, पॅसेजच्या छताला एक, वरच्या मजल्याच्या छताला एक. माझ्या मते टूबीएचकेला मधोमध एक पॉइंट बहुधा पुरतो. थ्रीबीएचकेला दोन, आणि बंगल्याला मजल्यागणिक किमान एक.

छताजवळ प्लग कुठून आणायचा, हा प्रश्न पडतो. त्याची गरज नाही. 'पीओई' प्रकारचा स्विच घेतला की त्याच केबलमधून वीज जाते : मूळ मानकात स्विचकडून १५.४ वॉट, त्यानंतरच्या मानकात ३० वॉट. ॲक्सेस पॉइंटला यातलं काय लागतं ते आधी वाचून घ्यावं, आणि मानकात न बसणारे २४ व्होल्टचे अडॅप्टर भलत्या उपकरणाला जोडू नयेत. याचा मोठा फायदा लोडशेडिंगमध्ये कळतो. कप्प्यातल्या एका बोर्डाला इन्व्हर्टरची लाइन दिली की घरभरचे पॉइंट चालू राहतात.

मागच्या आवारात आउटहाउस किंवा वाटेपलीकडे भावाचं घर असेल, तर तिथवर तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नये. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं आणि वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली, तर तिचा झटका त्या तारेने दोन्ही टोकांच्या उपकरणांत शिरतो. तिथे फायबर टाकावा, धातूची तार नसलेला. त्यातून प्रकाश जातो, वीज जात नाही. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावला की झालं.

प्लास्टरच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचे फोटो काढावेत, पाइपाशेजारी टेप धरून, फरशीपासूनचं अंतर वाचता येईल असे. केबल ओढून झाल्यावर दोन्ही टोकांना तोच क्रमांक लिहावा. आणि रंगारी यायच्या आत टेस्टर लावून आठही तारांचे दिवे क्रमाने लागतात का, ते स्वतः उभं राहून बघावं. एखादा दिवा लागला नाही, तर केबल बदलायला वायरमन अजून साइटवरच असतो.