अग्निवीर, पेन्शन आणि बेळगाव

मराठा लाइट इन्फन्ट्री : स्थापना १७६८. रेजिमेंटचे प्रशिक्षण केंद्र १९२२पासून बेळगावात.

अग्निपथ : सैन्यात अग्निवीर भरण्याची योजना. घोषणा १४ जून २०२२. घोषणेनुसार भरतीचे वय साडेसतरा ते २१. सेवा चार वर्षे. त्यानंतर कायम होणारे जास्तीत जास्त २५ टक्के. बाकीच्यांना सुमारे ११.७१ लाख रुपये एकरकमी सेवानिधी. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडीकडच्या फौजी घरांना सर्वांत जास्त लागणारी ओळ हीच.

खर्च : २०२५-२६ची संरक्षण तरतूद ६.८१ लाख कोटी रुपये. पैकी सुमारे १.६० लाख कोटी पेन्शनचे.

पक्ष : काँग्रेसने २०२४च्या जाहीरनाम्यात योजना रद्द करण्याचे आश्वासन दिले. योजनेचा हेतू सैन्य तरुण ठेवण्याचा, पेन्शन वाचवण्याचा नव्हे, असे पंतप्रधान मोदींनी २६ जुलै २०२४ला द्रासमध्ये सांगितले.