इंग्रजी अध्यापनाची पावणेदोनशे वर्षे : एका भाषांतरवाल्याची कैफियत

संपादकांनी लेखाची मागणी करताना 'इंग्रजी अध्यापनाचा समतोल आढावा' असे शब्द योजले आहेत. त्यांपैकी 'आढावा' मी शिरसावंद्य मानतो. 'समतोल'बद्दल मात्र आरंभीच माफी मागून मोकळा होतो. ज्याची पस्तीस वर्षे कृष्णाकाठच्या एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली, आणि त्यांतली बहुतेक वर्षे ज्याला भाषांतर पद्धतीचा जुनाट पुरस्कर्ता म्हणून प्रत्येक शिबिरात शेवटच्या बाकावर बसावे लागले, त्याच्या हाती तराजू सरळ राहणे कठीणच.

मेकॉलेचे १८३५ चे टिपण, वुडचा १८५४ चा खलिता आणि १८५७ चे मुंबई विद्यापीठ ही स्थळे वाचकांच्या परिचयाची आहेत. ती ओलांडून थेट वर्गातच शिरू. अव्वल इंग्रजीतल्या विद्यार्थ्याजवळ ना चित्रे होती, ना ध्वनिमुद्रिका, ना साहेबाचा सहवास. मोल्सवर्थने आरंभलेला व कँडीने १८४७ साली तडीस नेलेला इंग्रजी-मराठी कोश, एखादे क्रमिक पुस्तक आणि स्वतःची मातृभाषा, एवढ्या भांडवलावर त्या पिढीने इंग्रजी हस्तगत केली. आणि ती अशी केली की न्यायासनासमोर, कायदेमंडळात व वृत्तपत्रांत साहेबाला त्याच्याच भाषेत निरुत्तर करता यावे. विष्णुशास्त्र्यांच्या नावावर चालणारे 'वाघिणीचे दूध' हे वचन आपण सर्वजण उच्चारतो, परंतु ते दूध कोणत्या वाटीतून पाजले गेले याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

ती वाटी म्हणजे तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. तिचे तीन भाग होते. माझ्या वाट्याला आलेला पहिला भाग थोरल्या चुलत्यांनी वापरलेला होता. त्याचे पुठ्ठे खळीने चिकटवलेले, आणि समासात त्यांनी टाकाने लिहिलेले अर्थ काळ्याचे तपकिरी झालेले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने शाळेतली इंग्रजी आठवीपर्यंत लांबणीवर टाकली होती, त्यामुळे तेरा वर्षांचा होईतो मला एबीसीडीदेखील धड येत नव्हती. परंतु मराठी येत होती, चांगली येत होती, आणि या पुस्तकाचा सगळा भरवसा तिच्यावरच होता. नियम मराठीतून समजावून घ्यायचा, शब्द पाठ करायचे, मग इंग्रजी वाक्ये मराठीत आणायची आणि मराठी वाक्ये इंग्रजीत न्यायची. माझे टीकाकार म्हणतात, ही घोकंपट्टी. त्यांनी एकदा तरी हा धडा घेऊन पाहिला असता तर बरे झाले असते.

फळ्यावर चार वाक्ये लिहावीत : 'माझ्याकडे छत्री आहे. मला दोन भाऊ आहेत. मला ताप आहे. छत्री कोपऱ्यात आहे.' चारही ठिकाणी मराठीत 'असणे' हेच क्रियापद. इंग्रजीत मात्र पहिल्या तिन्हींना 'हॅव' लागते आणि चौथ्याला 'इज'. ज्याला हे कोणी दाखवून दिले नाही तो मुलगा 'माय निअर अंब्रेला इज' असे लिहितो, आणि त्याच्या वहीवर तांबडी रेघ ओढणाऱ्या मास्तरला तो असे का लिहितो याचा पत्ता नसतो. मुलगा मूर्ख नव्हता. 'माझ्या'ला 'माय', 'कडे'ला 'निअर' असा त्याने शब्दागणिक चोख हिशेब दिला होता. त्याचा हिशेब कुठे चुकला हे सांगायला मराठी आणि इंग्रजी ही दोन्ही खाती शेजारी शेजारी उघडावी लागतात. भाषांतर म्हणजे हा ताळेबंद. दुसरे काही नाही.

तीच गोष्ट उपपदांची. मराठीत उपपद नाही, म्हणून आमची मुले 'ए' आणि 'द' मिठासारखी चिमटीने कुठेही भुरभुरतात. मी त्यांना आजीच्या गोष्टीची आठवण देत असे : प्रथम 'एक राजा' येतो, आणि एकदा ओळख झाली की तोच 'तो राजा' होतो. या तोडग्याने उपपदांचा सगळा संसार सुटत नाही हे मलाही ठाऊक आहे, पण निम्मा सुटतो, आणि आठवीच्या वर्गात निम्मे म्हणजे पुष्कळ.

मध्यंतरी परकी भाषा परक्याच भाषेतून शिकवण्याची 'डायरेक्ट मेथड' आली, तिचा गवगवा झाला आणि ती ट्रेनिंग कॉलेजांच्या नोट्समध्ये विसावली. तिच्याविषयी याहून अधिक लिहिण्याजोगे मला सापडत नाही.

पण या आढाव्यात एका साहेबापुढे मी मनापासून नमस्कार करतो, तो म्हणजे ढाक्याच्या ट्रेनिंग कॉलेजातला मायकेल वेस्ट. १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या द्विभाषिकतेवरील ग्रंथात त्याने एक प्रश्न विचारला, जो आमच्या कोणत्याही अभ्यासक्रम समितीने त्याआधी वा त्यानंतर इतक्या रोकडेपणाने विचारलेला नाही. विम्याचे हप्ते मध्येच थांबवले तरी काही रक्कम पदरात पडते. तशी मधूनच शाळा सोडणाऱ्या मुलाच्या पदरात इंग्रजीची किती रक्कम पडते? बंगालमधली बहुसंख्य मुले शेवटपर्यंत पोचत नव्हती. अर्धवट शिकलेले बोलणे वाऱ्यावर जाते, अर्धवट शिकलेले वाचन मात्र थोडेफार तरी कामास येते, म्हणून त्याने वाचनाला अग्रस्थान दिले आणि मोजक्या, क्रमाने वाढत जाणाऱ्या शब्दांत वाचनमाला रचल्या. माझा एक विद्यार्थी नववीत नापास होऊन पंपदुरुस्तीच्या धंद्यात पडला. तो आजही मोटारीबरोबर आलेले इंग्रजी माहितीपत्रक उलगडून त्यातली सूचना मराठीत शेतकऱ्याला समजावून सांगतो. त्याला इंग्रजीत चार वाक्ये बोलता येणार नाहीत. पण वेस्टच्या हिशेबाने त्याची पॉलिसी बुडालेली नाही.

पामरसाहेबाने टोकियोत वाक्यांचे साचे मांडले, आणि पन्नाशीच्या दशकात तेच वळण 'स्ट्रक्चरल अप्रोच' या नावाने आपल्याकडे आले. १९५६ साली अलाहाबादला व १९५८ साली हैदराबादला इंग्रजी अध्यापनाच्या संस्था निघाल्या, आणि तेथून तयार होऊन आलेली मंडळी जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरे भरवू लागली. साच्यांचा क्रम ठरवण्यात त्यांनी केलेले कष्ट मी नाकारत नाही. परंतु वर्गात मराठीचा शब्द निघता कामा नये, असा जो सोवळा दंडक त्यांच्यापैकी काहींनी घालून दिला, त्याच्यावर माझा राग आहे आणि तो म्हातारपणी ओसरेल अशी चिन्हे नाहीत. एका शिबिरात 'ऑल्दो' हा शब्द मराठीविना शिकवण्याचे प्रात्यक्षिक मी पाहिले. तज्ज्ञ गृहस्थांनी छत्री उघडली, पाऊस पडल्याचा अभिनय केला, फळ्यावर भिजणारा माणूस काढला. घड्याळात पंधरा मिनिटे गेली आणि मुलांनी 'ऑल्दो' म्हणजे छत्री असा निष्कर्ष काढला. मागच्या बाकावरून मी हळूच 'जरी' म्हणालो, आणि वर्ग उजळला. त्या एका शब्दाबद्दल शाळेच्या शेरेबुकात 'मराठीचा अतिरेकी वापर' असा शेरा माझ्या नावे नोंदवला गेला. वास्तविक मला पुढचेही सांगायचे होते : मराठीत 'जरी'ला 'तरी'ची जोड लागते म्हणून आपली मुले 'ऑल्दो' लिहून पुढे हमखास 'बट' लिहितात, आणि ही खोड मोडायची तर 'जरी-तरी'चे नाव घेतल्यावाचून गत्यंतर नाही. पण तोवर घंटा झाली होती.

१९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि दक्षिणेतल्या अन्य ठिकाणी एन. एस. प्रभूंनी केलेला प्रयोग मला त्या मानाने आपलासा वाटतो. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून त्यांनी मुलांपुढे कोडी मांडली : हे आगगाड्यांचे वेळापत्रक, हा नकाशा, आता अमक्या ठिकाणी कसे पोचाल ते काढा. मुलाचे चित्त अर्थावर जडले की भाषा मागच्या दाराने येते, हा त्यांचा सिद्धान्त. माझे विरोधक हाच प्रयोग माझ्यावर फेकतात. त्यांना एवढेच विचारतो की भाषांतर करणाऱ्या मुलाचे चित्त अर्थावर नसून आणखी कशावर असते?

यानंतरची हकीकत थोडक्यात उरकतो. २००० साली शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांनी मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणली. हेतू उदात्त होता. खेड्यातल्या मुलाला शहरातल्या मुलाच्या पंक्तीला बसवण्याचा होता. मागोमाग सेमी इंग्रजी आली, मग तालुक्याच्या गावी पिवळ्या बसगाड्या आल्या, आणि 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'चे फलक तर एस.टी. स्टँडाच्या भिंतीलाही लागले. फाडफाड हा शब्द मला नेहमी कापडाच्या दुकानाची आठवण देतो.

बोलण्याला माझा विरोध आहे असा एक प्रवाद आहे, तो खोटा आहे. माझ्या वर्गात रोज दहा मिनिटे प्रकट वाचन होई, आणि अर्थ कळल्यावाचून कोणाला तोंड उघडण्याची मुभा नसे. कारण अर्थ कळला की आघात कुठे द्यायचा हे जिभेला आपोआप उमगते. लेखनाचेही तेच. चाररेघी वहीत वळणदार अक्षर काढणे हा आज कुचेष्टेचा विषय झाला आहे, पण त्या चार रेघांच्या मध्ये मूल वाक्य सावकाश पाहायला शिकत असे.

हल्ली शेजारचा दुसरीतला मुलगा संध्याकाळी माझ्या पडवीत येतो. इंग्रजी माध्यमातला आहे. काल त्याने सशाची आणि कासवाची गोष्ट धडाधड वाचून दाखवली. उच्चार माझ्याहून शुद्ध. 'कासव का जिंकले रे?' असे मराठीत विचारले तेव्हा त्याने तेच पान पुन्हा पहिल्यापासून धडाधड वाचले. मग आम्ही दोघे एकेक वाक्य घेऊन बसलो. चौथ्या वाक्याला तो हसला. ससा झोपला हे त्याला तेव्हा कळले होते.

आमच्या वेळी घरी निघताना मुले 'आय कम, सर' म्हणत, आणि मराठी माणूस जाताना 'येतो' का म्हणतो यावर एक अख्खा तास जाई. हा मुलगा पायऱ्या उतरताना 'बाय' म्हणाला, मग आईने शिकवलेले आठवून मागे वळला आणि म्हणाला, 'येतो हं आजोबा.' 'हे इंग्रजीत कसे म्हणशील?' मी विचारले. एक पाय चपलेत, एक बाहेर, असा तो बराच वेळ उभा होता.