नाशिकला वाइन चाखायला जाताय? आधी परतीचं ठरवा

हाटपिपल्या : इथून इंदूर गाठलं की आग्रा-मुंबई महामार्ग सेंधवा, धुळे करत नाशिकला पोचतो. तिथे वाइनरी पाहणं हा आता अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम झालाय. गंगापूर धरणाजवळच्या सुला वाइनरीची पहिली वाइन २००० साली आली.

द्राक्षतोडणी साधारण जानेवारी ते मार्च. पाहायचं असेल तर तेव्हाच जावं. आधी टाक्या दाखवतात, मग चाखणी. पांढरी आधी, लाल नंतर. कारण लाल वाइन सालीसकट आंबवतात, तिचा तुरटपणा जिभेवर राहतो. घोट थुंकला तरी चालतो, त्यात कमीपणा नाही. जेवण शेवटी.

खरी अडचण पुढे आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर गाडी चालवणं गुन्हा. घोट-घोट करत पाच-सहा प्रकार होतात आणि चारशे किलोमीटरहून लांब परतीचा रस्ता समोर असतो. तेव्हा न पिणारा चालक सोबत हवा, नाहीतर मुक्काम करावा.

दुसरं, बाटल्या. मध्य प्रदेशात परराज्यातली दारू परवानगीशिवाय आणता येत नाही. गाडीत खोकं ठेवण्याआधी अबकारी कार्यालयात विचारलेलं बरं.