तिखटपणा तोडणीवर

स्पेनच्या वायव्येला, गालिसिया प्रांतात पाद्रोन नावाचं गाव आहे. तिथे जेवायला बसलं की आधी बशीभर हिरव्या मिरच्या येतात. ऑलिव्ह तेलात सालीवर फोड येईपर्यंत परतलेल्या, वर जाडं मीठ. देठ चिमटीत धरायचं आणि अख्खी मिरची बियांसकट तोंडात टाकायची. एकामागून एक गोडसर लागत जातात, आणि मधेच एखादी कानातून धूर काढते. हिचं बी मेक्सिकोहून जवळच्या हेर्बोनच्या फ्रान्सिस्कन मठात आलं, असं तिथले लोक सांगतात. आता ‘पाद्रोन’ मोरोक्कोतही पिकते. मूळ मुलखातल्या मिरचीला मात्र हेर्बोनच्या नावाने संरक्षण आहे.

एकाच झाडाची एक गोड, एक जहाल, हे कसं? तिखटपणा कॅप्सेसिनचा. ते बियांत नव्हे, तर बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात तयार होतं. कोवळ्या फळात ते कमी असतं आणि फळ जून होईल तसं वाढत जातं. त्यात पाण्याची ओढ बसली की आणखी चढतं. म्हणून मिरची पाचेक सेंटिमीटरची झाली की तोडून मोकळं व्हावं. पिकून लाल झालेली जास्त गोड लागते, पण झोंबतेही. बियाण्याच्या पाकिटावर 500 ते 2500 स्कोव्हिल असं तिखटपणाचं माप छापलेलं असतं, म्हणजे हालापेन्यो मिरचीपेक्षा कमी. मी त्या आकड्यापेक्षा आपल्या कात्रीवर भरवसा ठेवीन.

गच्चीतल्या बारा इंची कुंडीत ही मिरची सहज येते. पाऊस ओसरताना रोप लावावं, कारण पारा पस्तिशीपार गेला की फुलं गळतात. पानं वर वळली तर फुलकिडे, खाली वळली तर कोळी. पानं मुरडणाऱ्या बोकड्या रोगाच्या या सुरुवातीलाच निंबोळी अर्क फवारावा. आणि हिच्यात बेसन भरायच्या फंदात पडू नये, त्याला आपली भज्यांची जाड मिरची आहे.

शेजारच्या कुंडीत लवंगी असली तर पाद्रोन तिखट होते, हा समज चुकीचा. फळ आईच्या झाडाचंच. परागाचा परिणाम उतरतो तो बियांत, म्हणजे पुढच्या पिढीत. घरचं बी धरायचं असेल, तर कळ्या असतानाच एका फांदीला मलमलीची पिशवी बांधा. मिरचीचं फूल आपल्याच परागावर फळतं. फळ धरलं की पिशवी काढून देठाला दोरा बांधून ठेवा, नाहीतर तेवढंच नेमकं तेलात जातं.