जागल्या वर्गात कसा शिकवायचा?

वरवट बकालच्या या व्याख्यानात आपण ज्या विषयावर बोलणार आहोत, त्याला इंग्रजीत व्हिसलब्लोइंग म्हणतात. मराठीत त्यासाठी आपल्याकडे जुना शब्द आहे, जागल्या. गाव झोपलं की जागं राहणारा आणि चोराची चाहूल लागली की हाळी देणारा माणूस. आजचा जागल्या कार्यालयाच्या आत बसतो. फाईल त्याच्या टेबलावरून जाते, म्हणून गडबड त्यालाच आधी दिसते.

आता हे विद्यार्थ्यांना शिकवायचं कसं? ‘भ्रष्टाचार वाईट का?’ असं विचारलं तर सगळा वर्ग ‘हो’ म्हणतो आणि तास तिथेच संपतो. त्यापेक्षा असं विचारू या: गैरव्यवहार कुठल्या कागदावर दिसतो? तो कागद कोणाच्या हाती असतो? त्याने कोणाला कळवायचं? आणि कळवल्यावर त्याचं काय होतं?

उदाहरण घरचंच घेऊ. खारपाणपट्ट्यातल्या माणसाला गोड्या पाण्याचं मोल सांगावं लागत नाही. 2009 मध्ये विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या 38 प्रकल्पांची किंमत काही महिन्यांत 6,672 कोटी रुपयांवरून 26,722 कोटींवर गेली. आपल्या शेजारच्या नांदुरा तालुक्यातला, पूर्णा नदीवरचा जिगाव प्रकल्पही याच महामंडळाचा. किंमत वाढली म्हणजे चोरी झालीच, असं नाही. जमीन महागते, दर बदलतात, आराखडा बदलतो. पण वाढीचं कारण खरं की रचलेलं, हे कळायला अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिका वाचता येणारा आतला माणूस लागतो.

तसा एक माणूस 2012 मध्ये बोलला. जलसंपदा विभागातले मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी सरकारला पत्र लिहिलं. खर्च विनाकारण फुगवले, कामं निकृष्ट झाली, असे त्यांचे आरोप होते. सप्टेंबरमध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला. नोव्हेंबरमध्ये सरकारने श्वेतपत्रिका काढली, डिसेंबरमध्ये पवार पुन्हा मंत्रिमंडळात आले. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमलं गेलं. पुढे 2019 मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने उच्च न्यायालयात सांगितलं की विदर्भातल्या प्रकल्पांबाबत पवार यांच्यावर जबाबदारी येत नाही. यातून विद्यार्थ्यांना एक फरक नीट दाखवता येतो: आरोप वेगळा, चौकशी वेगळी आणि निकाल वेगळा. जागल्या निकाल देत नाही. चौकशी करावी लागेल इतका पुरावा तो समोर ठेवतो.

मग त्याला संरक्षण कोण देतं? सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याने महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार पंतप्रधान कार्यालयाला कळवला होता आणि आपलं नाव गुप्त ठेवा, अशी विनंती केली होती. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतर 2004 मध्ये केंद्राने ठराव करून अशा तक्रारी घेण्याचं काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे दिलं. 2014 मध्ये संसदेने जागल्यांच्या संरक्षणाचा कायदाही केला. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली, पण तो लागू झाला नाही. जुन्या जागल्याच्या पाठीशी गाव असायचं, आजच्याच्या पाठीशी अर्धवट कायदा आहे. हे वर्गात लपवू नये. नुसतं ‘धाडस करा’ म्हणून मुलांना पुढे ढकलणं बरं नाही.

त्याऐवजी पद्धत शिकवू. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं वेगवेगळं लिहायचं. तारीख आणि कागदाचा क्रमांक टिपायचा. मग योग्य दार निवडायचं. लाच मागितली तर 1064 वर फोन करायचा. केंद्र सरकारच्या कार्यालयातलं प्रकरण असेल तर दक्षता आयोगाकडे बंद पाकिटातून तक्रार पाठवायची. पाकिटावर नाव घालायचं नाही, पण आतल्या पत्रात घालायचं, कारण निनावी पत्राची तिथे दखल घेत नाहीत. राज्यात लोकायुक्त आहेत. बाहेरच्या नागरिकाला माहिती अधिकार आहे: दहा रुपये शुल्क आणि 30 दिवसांची मुदत.

शेवटी एक गृहपाठ. गावातल्या एखाद्या नव्या रस्त्याचं अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची प्रत माहिती अधिकारात मागवा. टेप घेऊन चार-पाच जण जा, लांबी-रुंदी मोजा, कागदाशी ताडून बघा. जुळलं तर तसं लिहा, नाही जुळलं तर तेही लिहा. उद्या तुमच्यातलेच काही जण अभियंता होतील, ग्रामपंचायत अधिकारी होतील आणि अशीच पुस्तिका सहीसाठी समोर येईल. तेव्हा ती वाचता आली पाहिजे.